घरी बांधायच्या गाडीसाठी परवडणारा टिग वेल्डर

दुकानात टिग वेल्डर मागितला की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, ‘किती अँपिअरचा?’ मग दोनशे, अडीचशे, तीनशे अशी यंत्रं समोर मांडली जातात आणि बजेट जिथे संपेल तिथे गिऱ्हाईक थांबतं. घरी गाडी बांधणाऱ्यासाठी ही पद्धत उलटी आहे. गाडीत कोणता धातू आहे, तो किती जाडीचा आहे आणि घरातल्या सॉकेटमधून किती वीज मिळते, या तीन गोष्टी आधी कागदावर लिहाव्यात. त्या लिहिल्या की बहुतेकांच्या लक्षात येतं की आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा लहान आणि स्वस्त यंत्र पुरेसं आहे. वाचलेले पैसे कुठे घालायचे, तेही त्यातूनच ठरतं.

आधी गाडी ठरवा

घरी बांधायच्या गाडीचा सगळ्यात अभ्यासलेला नमुना इंग्लंडचा आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ ही हलकी दोन आसनी गाडी आणली. पुढे रॉन चॅम्पियन यांनी १९९६ मध्ये अडीचशे पौंडांत तशीच गाडी घरी कशी बांधावी, यावर पुस्तक लिहिलं. त्यातून ‘लोकॉस्ट’ नावाची चळवळच उभी राहिली. या गाडीचा सांगाडा मुख्यतः २५ मिमीच्या चौकोनी पोलादी पाइपचा असतो आणि पाइपची भिंत असते १.६ मिमी, म्हणजे आपल्याकडे दुकानदार ज्याला सोळा गेज म्हणतो तेवढी.

आपल्याकडे अशी कामं मुख्यतः इंजिनिअरिंग कॉलेजांच्या शेडमध्ये चालतात. बाहा एसएई इंडिया स्पर्धेची बग्गी असो की फॉर्म्युला प्रकारची शर्यतीची गाडी, सांगाडा साधारण एक इंच व्यासाच्या गोल पाइपचा असतो. त्याची भिंत जागेनुसार सव्वा मिमीपासून तीन मिमीपर्यंत जाते. कॉलेजाबाहेरही हौशी माणसं आहेत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बांधलेली किक मारून सुरू होणारी चारचाकी २०२१ च्या डिसेंबरात देशभर गाजली, ती अनेकांना आठवत असेल.

कायद्याचं इथेच सांगून टाकतो, कारण त्यावर पैसे अवलंबून आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. पूर्ण नवी गाडी रस्त्यावर आणायची, तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. एका हौशी माणसाच्या खिशाला हे झेपणारं नाही. म्हणून स्पर्धा, खासगी ट्रॅक किंवा स्वतःचं शेत एवढीच जागा धरून गाडी आखावी.

टिगच का?

मिग वेल्डिंग शिकायला सोपं आहे आणि कामही झपाट्याने होतं. फक्त साध्या पोलादाचा सांगाडा जोडायचा असेल आणि पुढे काही करायचं नसेल, तर मिग घेण्यात काही चूक नाही. टिगमध्ये मात्र उष्णता आणि भरणीचा धातू या दोन गोष्टी वेगवेगळ्या हातांत असतात. उजव्या हातातल्या टॉर्चने धातू वितळवायचा आणि डाव्या हातातल्या सळईने लागेल तेवढीच भर घालायची. पातळ पाइपला भोक न पाडता मुळापर्यंत सांधा वितळला की नाही, हे काम करतानाच डोळ्याला दिसतं. मिगमध्ये वरून सुबक दिसणारा टाका आतून नुसता चिकटलेला असू शकतो आणि नवशिक्याला ते कळत नाही. ज्या सांध्यावर सस्पेन्शनचा हात बसणार आहे, तिथे हा फरक जिवावरचा ठरू शकतो.

शिवाय क्रोमोली या मिश्र पोलादाचा पाइप, स्टेनलेसचा एक्झॉस्ट आणि पुढे कधी अ‍ॅल्युमिनियम, हे सगळं टिगवर होतं. मुळात ही पद्धत घडली तीच हलक्या धातूंसाठी. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॉरथ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडायला ती विकसित केली. तेव्हा भोवती हेलियम वायू सोडत. आज आर्गन सोडतात, म्हणून आपल्या बाजारात तिला सरसकट आर्गन वेल्डिंग म्हणतात.

नुसतं डीसी की एसी-डीसी?

खर्चाचा सगळ्यात मोठा फाटा इथे आहे. साधारण दोनशे अँपिअरचं फक्त डीसी देणारं टिग यंत्र वीस हजारांच्या आसपास मिळतं, कधी त्याहूनही कमी किमतीत. तेवढ्याच अँपिअरचं एसी-डीसी यंत्र त्याच्या दुप्पट-तिप्पट जातं. म्हणून हा निर्णय नीट समजून घ्यायला हवा.

पोलाद, स्टेनलेस आणि क्रोमोली डीसीवर जोडतात. टॉर्च ऋण टोकाला आणि काम धन टोकाला लावलं की साधारण दोन तृतीयांश उष्णता कामात जाते. टॉर्चमधली टंगस्टनची सुई थंड राहते आणि आर्क टोकदार मिळतो. अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर कायम असतो. आतला धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, पण हा थर वितळायला दोन हजार अंशांहून जास्त लागतात. डीसीवर प्रयत्न केला तर वरची साय तशीच राहते आणि आतला धातू पाण्यासारखा ढासळतो. एसीमध्ये प्रवाहाची दिशा उलटसुलट होत असते. त्यातल्या एका अर्ध्या फेऱ्यात तो ऑक्साइडचा थर फोडला जातो आणि दुसऱ्या अर्ध्यात धातू वितळतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियम म्हटलं की एसी हवंच.

आता आपल्या गाडीत अ‍ॅल्युमिनियम कुठे आहे ते मोजू. लोकॉस्ट प्रकारच्या गाडीचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा सांगाड्यावर रिव्हेट मारून आणि चिकटवून बसवतात, त्याला वेल्डिंग लागत नाही. उरतं काय? पेट्रोलची टाकी, रेडिएटरची टोपणं, इनटेक मॅनिफोल्ड, टर्बो असेल तर इंटरकूलरचे पाइप. ही मोजकी कामं आहेत आणि बहुतेक तालुक्याच्या गावात रेडिएटर दुरुस्त करणारा आर्गनवाला असतो. तुकडे कापून, फिट करून, घासून स्वच्छ करून त्याच्याकडे नेले, तर त्याची मजुरी एसी यंत्रासाठी मोजाव्या लागणाऱ्या जादा रकमेपुढे किरकोळ असते.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या गाडीसाठी चांगलं डीसी यंत्र घ्यावं. अ‍ॅल्युमिनियमची टाकी, इनटेक, ब्रॅकेट हे सगळं स्वतःच करायची जिद्द असेल किंवा गाडीनंतरही असं काम चालू राहणार असेल, तरच एसी-डीसीकडे जावं. त्यातही अगदी तळाच्या किमतीचं यंत्र घेऊ नये. एसी बॅलन्स आणि एसी फ्रिक्वेन्सी या दोन्ही गोष्टी बदलता येतात का ते पाहावं. बॅलन्सने ऑक्साइड साफ होणं आणि धातू वितळणं यांचं प्रमाण ठरतं. फ्रिक्वेन्सी शंभर हर्ट्झच्या आसपास नेली की आर्क अरुंद होतो आणि कोपऱ्यातलं काम नीट जमतं. या दोन सोयी नसतील, तर एसीसाठी दिलेल्या पैशांचा पुरता उपयोग होत नाही.

एक सावधगिरी. ‘थ्री इन वन’ म्हणून मिग, टिग आणि साधं आर्क वेल्डिंग एकत्र देणारी यंत्रं मोहात पाडतात. त्यातली बरीच टिगच्या बाबतीत अर्धवट असतात: डीसीच, वायूची आपोआप उघडणारी झडप नाही, आर्क टेकवूनच पेटवायचा. तिन्ही नावं पेटीवर छापलेली असली, तरी टिगच्या नावाखाली नेमकं काय दिलंय ते विचारून घ्या.

अँपिअरचा आकडा कसा वाचायचा

पोलादासाठी कामचलाऊ हिशेब असा: एक मिमी जाडीला सुमारे चाळीस अँपिअर. म्हणजे १.६ मिमीच्या पाइपला साठ-पासष्ट, दोन मिमीला ऐंशी आणि तीन मिमीच्या ब्रॅकेटला एकशेवीसच्या आसपास. सांगाड्याचं बहुतेक काम शंभरच्या खालीच होतं. तीनशे अँपिअरच्या यंत्राचे वरचे दोनशे अँपिअर या गाडीसाठी नुसते पडून राहतील.

म्हणून वरच्या आकड्यापेक्षा खालचा आकडा पाहा. यंत्र दहा अँपिअरपर्यंत, शक्य तर पाचपर्यंत स्थिर उतरतं का? पातळ स्टेनलेसच्या एक्झॉस्टवर आणि टाक्याच्या शेवटी प्रवाह हळूहळू उतरवताना हेच कामाला येतं.

दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा. दहा मिनिटांपैकी किती मिनिटं यंत्र त्या प्रवाहावर न थांबता चालेल, याची ती टक्केवारी असते. आंतरराष्ट्रीय मानकात ती ४० अंश तापमानाला मोजतात. स्वस्त यंत्रांच्या पत्रकात कधी कमी तापमान धरलेलं असतं, कधी तापमान लिहिलेलंच नसतं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्याला हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवेल. पण घाबरायचं कारण नाही. प्रवाह निम्म्यावर आणला की ड्यूटी सायकल साधारण चौपट होते. दोनशे अँपिअरला पंचवीस टक्के देणारं यंत्र शंभर अँपिअरला जवळपास अखंड चालू शकतं. पासष्ट-सत्तर अँपिअरच्या सांगाड्याच्या कामात माणूस आधी थकतो, यंत्र नंतर. जाड अ‍ॅल्युमिनियमवर मात्र चित्र उलटं होतं. सहा मिमीच्या तुकड्याला दोनशेहून जास्त अँपिअर लागू शकतात आणि तिथे स्वस्त यंत्राचा दम संपतो.

घरातली वीज

टिगचा आर्क कमी व्होल्टेजवर चालतो, ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे. ऐंशी अँपिअरला आर्कचं व्होल्टेज तेरा-चौदा धरलं, तर कामात जाते सुमारे एक किलोवॅट. इन्व्हर्टरमधली गळती आणि पॉवर फॅक्टर धरून २३० व्होल्टच्या लाइनमधून आठ-नऊ अँपिअर ओढले जातात. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला हे सहज झेपतं. पण दोनशे अँपिअरवर हाच हिशेब अठ्ठावीसच्या आसपास जातो. तिथे वेगळी लाइन, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि जाड तांब्याची तार लागते. मंजूर भार किती आहे, तेही वीजबिलावर पाहून घ्या.

ज्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत खाली येतं, तिथे विक्रेत्याला स्पष्ट विचारावं की यंत्र किती व्होल्टपर्यंत चालतं. लांबलचक पातळ एक्स्टेन्शन वायरने यात आणखी भर पडते. वीस मीटर लांब न्यायचं असेल, तर किमान चार चौरस मिमीची तांब्याची वायर घ्यावी.

अर्थिंग चांगलं हवंच. हाय फ्रिक्वेन्सीने आर्क पेटवताना काही हजार व्होल्टची ठिणगी उडते. तिचा मार्ग चुकला, तर शेजारचा संगणक किंवा गाडीतलं इसीयू, म्हणजे इंजिनचं नियंत्रण करणारं युनिट, निकामी होऊ शकतं. इंजिन बसवल्यानंतर कधी वेल्डिंग करायची वेळ आली, तर बॅटरीची टोकं सोडा, इसीयूचा कनेक्टर काढा आणि अर्थचा चिमटा सांध्याच्या अगदी जवळ लावा.

आर्क पेटवायच्या तीन रीती

सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे काडेपेटीसारखं घासून पेटवणं. टंगस्टन कामाला घासलं की टोक बिघडतं आणि टंगस्टनचे कण सांध्यात अडकतात. गाडीच्या सांगाड्यासाठी ही रीत मी सुचवणार नाही. दुसरी रीत लिफ्ट आर्क. इथे टोक हलकेच टेकवून उचलायचं आणि तेवढ्या क्षणापुरता यंत्र प्रवाह अगदी कमी ठेवतं. ही कामचलाऊ आहे, आणि आजूबाजूला नाजूक इलेक्ट्रॉनिक्स असेल तर हीच बरी. तिसरी रीत हाय फ्रिक्वेन्सी. टोक न टेकवता बटण दाबलं की ठिणगी झेप घेते. तीन पाइप एकत्र येतात त्या खोबणीत, जिथे हात जेमतेम पोचतो, तिथे या रीतीचं महत्त्व कळतं. हाय फ्रिक्वेन्सी आणि लिफ्ट, दोन्ही निवडता येणारं डीसी यंत्र आता माफक किमतीत मिळतं, त्याखाली उतरू नये.

पॅनेलवरच्या बाकी सोयींपैकी तीन हव्यातच. शेवटी प्रवाह हळूहळू उतरवणारा डाउनस्लोप हवा, नाहीतर टाक्याच्या टोकाला खड्डा पडतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. आर्क विझल्यावरही वायू चालू ठेवणारा पोस्टफ्लो हवा. दहा अँपिअरला एक सेकंद, हा त्याचा ढोबळ नियम. तिसरी गोष्ट, बटण धरून ठेवायचं की एकदा दाबून सोडायचं, हे निवडायची सोय. पल्सची सोय असली तर चांगलंच, पातळ पत्र्याला ती उपयोगी पडते. पण फक्त पल्ससाठी पाच-सात हजार जास्त मोजू नयेत.

पायाने प्रवाह कमीजास्त करणारं पेडल मात्र घ्याच. टाका तापत गेला की पाय किंचित उचलायचा, मोकळ्या जागी दाबायचा. नवशिक्याचं काम याने झपाट्याने सुधारतं. यंत्राला पेडलचं सॉकेट आहे का आणि त्या पिनचं पेडल तोच विक्रेता देतो का, हे यंत्र घेतानाच पक्कं करा. नंतर जुळणारं पेडल शोधणं फार जिकिरीचं होतं. सांगाड्याखाली आडवं पडून काम करताना पाय उपयोगाचा नाही. तिथे आधी टेबलावर प्रवाह ठरवून घ्यावा आणि टॉर्चच्या बटणावर काम करावं.

टॉर्च, टंगस्टन आणि सळई

यंत्राबरोबर येणारा टॉर्च बहुधा सगळ्यात कमकुवत भाग असतो. डब्ल्यूपी-२६ हा दोनशे अँपिअरचा हवेने थंड होणारा टॉर्च सोबत मिळतो, पण तो जड आहे आणि त्याची नळी ताठ असते. सांगाड्याच्या कामाला डब्ल्यूपी-१७ किंवा त्याहून लहान डब्ल्यूपी-९ अधिक सोयीचा. नळी मऊ रबराची असेल तर मनगटावर ताण येत नाही आणि टाका सरळ जातो. टॉर्चला गॅस लेन्स बसवून घेतला की वायू जाळीतून शांत बाहेर पडतो. मग टंगस्टन थोडं बाहेर काढून अवघड कोपऱ्यातही काम करता येतं. या सुट्या भागाची किंमत किरकोळ आहे आणि फरक मोठा.

टंगस्टन रंगाने ओळखतात. लाल रंगाच्या सळईत दोन टक्के थोरियम असतं. ते किंचित किरणोत्सारी आहे आणि टोक घासताना त्याची धूळ उडते. घरच्या शेडमध्ये ते नकोच. निळ्या रंगाचं दोन टक्के लँथेनमवालं टंगस्टन डीसी आणि एसी दोन्हीला चालतं. १.६ मिमी जाडीचं पाकीट सांगाड्याला पुरेल. जाड कामासाठी २.४ मिमीच्या दोन-चार सळया जवळ असाव्यात. टोक घासताना रेषा लांबीच्या दिशेने यायला हव्यात, आणि त्या ग्राइंडिंग व्हीलवर दुसरं काही घासू नये.

साध्या पोलादाला ईआर७०एस-२ किंवा ईआर७०एस-६ ही सळई. बारीक भिंतीच्या ४१३० क्रोमोलीलाही ईआर७०एस-२ चालते. सांधा मात्र आपोआप थंड होऊ द्यायचा, पाणी किंवा वारा मारायचा नाही. स्टेनलेसला ईआर३०८एल, आणि स्टेनलेस साध्या पोलादाला जोडायचं असेल तर ईआर३०९एल.

आर्गनचा हिशेब

यंत्राच्या किमतीत रमलेला माणूस वायूचा खर्च विसरतो. म्हणून एकदा गणित करूनच टाकू. समजा सांगाड्यात दीडशे सांधे आहेत आणि २५ मिमीच्या चौकोनी पाइपचा परीघ शंभर मिमी. एकूण पंधरा मीटर टाका. नवशिक्याचा हात मिनिटाला सत्तर मिमी सरकतो असं धरलं, तर आर्क सुमारे साडेतीन तास जळेल. मिनिटाला आठ लिटर वायू धरला, तर लागतात पावणेदोन घनमीटर. प्रत्येक वेळी आधी-नंतर सुटणारा वायू मिळवून हे अडीच घनमीटरपर्यंत जातं. सराव धरला की चार-साडेचार.

दहा लिटर पाण्याच्या क्षमतेच्या छोट्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाला दीड घनमीटर वायू बसतो. मोठ्या ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये सात. म्हणजे मोठा एक सिलिंडर सराव आणि सांगाडा दोन्हीला पुरतो, छोटा तीनदा भरून आणावा लागतो आणि लहान भरणीला घनमीटरमागे दर बहुधा चढा पडतो. जागा असेल तर मोठा सिलिंडर भाड्याने किंवा अनामत ठेवून घ्यावा. तो साठ किलोंच्या पुढेमागे भरतो, तेव्हा तो भिंतीला साखळीने बांधलेलाच असला पाहिजे. स्वतःचा सिलिंडर विकत घेणार असाल, तर खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख वाचा. दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी लागते आणि मुदत संपलेला सिलिंडर भरून मिळत नाही. सिलिंडरचे नियम सांभाळणारी केंद्र सरकारची ‘पेसो’ ही संस्था नागपुरातच आहे.

वायू शुद्ध आर्गनच हवा. मिगसाठी मिळणाऱ्या आर्गन-कार्बन डायऑक्साइड मिश्रणाने टंगस्टन काही सेकंदांत काळं पडून झिजतं. बाहेरून दोन्ही सिलिंडर सारखेच दिसू शकतात, म्हणून चिठ्ठी वाचूनच उचला. रेग्युलेटरवर लिटर दाखवणारा फ्लोमीटर असावा. पंखा बंद ठेवा आणि दाराच्या वाऱ्याला आडोसा करा. वारा असताना वायू वाढवत नेला, तर तो घुसळून उलट हवाच ओढतो आणि टाक्यात भोकं पडतात.

दुकानात काय तपासायचं

स्वतःच्या गाडीच्या पाइपचे आठ-दहा तुकडे कापून, घासून सोबत न्या. दुकानदाराच्या जाड पट्टीवरचं प्रात्यक्षिक निरुपयोगी आहे. यंत्र पंधरा-वीस अँपिअरवर ठेवून लागोपाठ दहा वेळा आर्क पेटवायला सांगा. स्वस्त यंत्राचा खरा कस कमी प्रवाहावर सुरुवात होण्यात लागतो. दहातल्या तीन वेळा ठिणगी हुकली, तर ते यंत्र परत ठेवा. मग साठ-पासष्टवर दोन पाइपचा कोपरा जोडून पाहा आणि डाउनस्लोप नीट उतरतो का ते बघा. विझल्यावर टंगस्टन चांदीसारखं चकचकीत राहिलं पाहिजे. ते निळं-काळं पडलं, तर पोस्टफ्लो अपुरा आहे किंवा कुठेतरी वायू गळतोय.

बाजारात अ‍ॅडोर, ईसाब यांच्यासारखी जुनी नावं आहेत आणि आयात केलेल्या इन्व्हर्टरवर स्वतःचं नाव लावणाऱ्या अनेक कंपन्याही आहेत. दुसऱ्या गटातही चांगली यंत्रं सापडतात, पण तिथे नावापेक्षा दुरुस्तीची सोय पाहावी. बिघाड झाला तर बोर्ड कोण दुरुस्त करतो, तुमच्या जिल्ह्यात की मुंबईला पाठवून, आणि किती दिवसांत? दुकानदाराने या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं, तर दोन हजार जास्त गेले तरी चालतील. बिल आणि वॉरंटी कार्डावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्या.

औद्योगिक वसाहतींच्या आसपास जुनी ट्रान्सफॉर्मरवाली टिग यंत्रं निघतात. ती दणकट असतात आणि त्यांचा आर्क मऊ असतो. पण बहुतेक ४१५ व्होल्टच्या थ्री फेजवर चालतात आणि वजन शंभर किलोंच्या पुढे. घरी थ्री फेज असेल तरच त्या वाटेला जा.

इन्व्हर्टर यंत्राचे दोन शत्रू आहेत, ग्राइंडिंगची धूळ आणि पावसाळ्यातली ओल. लोखंडाची भुकटी पंख्यातून आत जाऊन बोर्डवर बसते आणि शॉर्ट होते. म्हणून ग्राइंडर यंत्रापासून लांब चालवा. काम नसताना यंत्र झाकून ठेवा. कोकणात-गोव्यात ते पावसाळ्यात कोरड्या खोलीत उचलून न्यावं आणि अधूनमधून नुसतं चालू करून ठेवावं.

डोळे, फुप्फुसं आणि स्वच्छता

यंत्रातून वाचलेले पैसे सगळ्यात आधी हेल्मेटवर घाला. आपोआप काळं होणारं हेल्मेट घेताना त्याला चार सेन्सर आहेत का आणि ते कमी अँपिअरच्या टिगला काळं होतं का, हे पाहा. मिगच्या झगझगीत ठिणग्यांना जागणारी काही हेल्मेट वीस अँपिअरच्या टिगला मध्येच उघडतात. सांगाड्याच्या कामाला दहा नंबरची काच बरोबर. टिगमध्ये धूर आणि ठिणग्या कमी, त्यामुळे लोक अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसतात. पण त्याचे अतिनील किरण तीव्र असतात, मानेची आणि हाताची कातडी तासाभरात भाजते.

पाइप तेलकट असतो. तो साफ करायला अ‍ॅसिटोन वापरा आणि पूर्ण उडून जाऊ द्या. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर चुकूनही वापरू नका. आर्कच्या उष्णतेने आणि किरणांनी त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो आणि त्याने जीव जाऊ शकतो. गॅल्वनाइज्ड पाइप स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, जस्ताचा धूर ताप आणतो आणि टाकाही बिघडवतो. आर्गन हवेपेक्षा जड आहे. गॅरेजच्या सर्व्हिस पिटमध्ये बसून काम केलं, तर तो तळाशी साचून प्राणवायू हटवतो, आणि त्याला ना वास ना रंग.

सांगाड्याला हात लावण्याआधी

बाहा एसएईच्या नियमांत एक उत्तम अट आहे. रोल केज जोडणाऱ्याने त्याच पाइपचे, त्याच पद्धतीने जोडलेले नमुने तयार करायचे. एक सांधा मोडेपर्यंत ओढायचा आणि दुसरा लांबीत कापून आत वितळणं कुठवर पोचलं ते दाखवायचं. घरी गाडी बांधणाऱ्यानेही हे करावं. काटकोनातला सांधा व्हाइसमध्ये धरा, लांब पाइप घालून तो मोडेपर्यंत वाकवा. टाक्यात न तुटता शेजारचा पाइप फाटला, तर सांधा चांगला. टाकाच उकलला, तर तुटलेल्या तोंडाकडे भिंगातून बघा. राखाडी दाणेदार तोंड म्हणजे धातू वितळून एक झाला होता. गुळगुळीत मूळ कड दिसत असेल, तर तो नुसता चिकटला होता. दुसरा सांधा हॅकसॉने उभा कापा, पॉलिश पेपरने घासा आणि मुळाशी काळी रेघ राहिली आहे का ते पाहा.

असे नमुने वेगवेगळ्या कोनांत, उभ्या आणि डोक्यावरच्या स्थितीत सलग चांगले निघू लागले की सांगाडा जिगवर टॅक करायला घ्या. आधी सगळे टॅक, मग एकाआड एक कोपरे, म्हणजे उष्णतेने चौकट पिळत नाही. सस्पेन्शनचे हात, स्टिअरिंगचा कुठलाही भाग आणि सीटबेल्टचे आधार सगळ्यात शेवटी ठेवा. तोवर हात बसला नसेल, तर हे तुकडे नीट फिट करून, टॅक मारून, एखाद्या अनुभवी वेल्डरकडे घेऊन जा. तासाभराचं काम असतं आणि शेजारी उभं राहून बघायलाही मिळतं.